थॉर्नबी, स्थापना १८५७

नेपरव्हिलमधल्या मराठी मंडळींच्या घरी नोव्हेंबर लागला की एकच विषय शिजायचा. बाहेर झाडं बोडकी झालेली असायची, ड्राइव्हवेच्या कडेला वाळक्या पानांच्या पिशव्या रांगेनं उभ्या असायच्या, आणि आत बेसमेंटमध्ये कागदी ताटल्या मांडीवर घेऊन आठ-दहा जोडपी एकमेकांच्या मुलांची कॉलेजं चिवडत बसायची. १९८५ सालचा तो शनिवारही तसाच होता. यजमान होता चारुदत्त सबनीस, आणि यजमान नसता तरी बोलला तोच असता.

त्याची एक आरामखुर्ची होती, टीव्हीच्या बरोबर समोर. तिच्यात रेलून तो प्रश्न घ्यायचा. युनिव्हर्सिटी जुनी चांगली की नवी? नाव मोठं बघावं की विषय? अमुक ठिकाणचे पदवीधर पुढे काय करतात? लोक विचारायचे आणि चारुदत्त उत्तरं द्यायचा. भिकाऱ्याच्या वाडग्यात नाणं टाकावं, आणि त्याचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू जावा, अशी त्याची तऱ्हा होती.

"श्रीरंग, तुझा मुलगा कम्युनिटी कॉलेजात जाणार म्हणे?"

श्रीरंग मोहरील नागपूरचा, सरळ माणूस. "दोन वर्षं तिथे, मग ट्रान्स्फर घेईल. त्याचं अजून काही ठरत नाहीये."

"मग बालवाडीतच ठेवायचास की! तिथे दुपारचा खाऊ तरी देतात."

सगळे हसले. श्रीरंगही हसला आणि ताटलीतलं श्रीखंड चमच्यानं उगाच सारखं करत राहिला.

नुकतीच लग्न होऊन आलेली रेखा कोपऱ्यात बसली होती. तिनं भाबडेपणानं विचारलं, "चारूकाका, तुम्ही कुठून केलंत एम.एस.?"

"थॉर्नबी."

"कधी ऐकलं नाही हो."

"ऐकणारच नाहीस. जाहिराती करतात ती दुकानं. थॉर्नबीत वर्षाला साठ मुलं घेतात, बस्स. अठराशे सत्तावन्नपासून."

खोलीत आदराची शांतता पसरली. ही शांतता चारुदत्तला फार आवडे.

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. थॉर्नबी नावाची युनिव्हर्सिटी जगात नव्हती.

चारुदत्त पुण्याहून बी.ई. होऊन १९६४ साली शिकागोला आला तो एका मोठ्या, खऱ्या युनिव्हर्सिटीत. तिथला अभ्यास आणि तिथला हिवाळा, दोन्ही त्याला झेपलं नाही. १९६६च्या मार्चमध्ये त्याचं नाव कमी झालं. बी.ई.च्या बळावर त्याला एका कंपनीत ड्राफ्टिंगच्या टेबलावर नोकरी मिळाली, आणि ती बरी चालली. पण तिकडे वडिलांनी अभिमानाच्या भरात पाहुण्यारावळ्यांत सांगून टाकलं होतं की मुलगा एम.एस. झाला. दारावरच्या पाटीवरसुद्धा तसं रंगवून घेतलं होतं. आपल्याकडे पाटी आधी रंगते, पदवी मागून येते. इथे ती आलीच नाही.

मग वाईच्या एका हेडमास्तरांची मुलगी सांगून आली. हेडमास्तरांना सगळे नाना म्हणत. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस. मुलगा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला खरं उत्तर द्यावं, नाहीतर "मला ठाऊक नाही" म्हणावं, हा त्यांचा वर्गातला नियम. त्यांनी होणाऱ्या जावयाला निळ्या हवाई पत्रावर सहा प्रश्न लिहून पाठवले, आकडे घालून. तुमची युनिव्हर्सिटी कोणती? स्थापना कधी झाली, कोणी केली? परिसर कसा आहे? तेथील नामांकित पदवीधर कोण? असे.

चारुदत्तनं पत्र वाचलं आणि त्याला हसू आलं. खेड्यातला मास्तर माझी परीक्षा घेतोय! खऱ्या युनिव्हर्सिटीचं नाव सांगण्यात धोका होता, कारण मास्तर लोक पत्र टाकून खातरजमा करायला मागेपुढे पाहत नाहीत. त्याच्या भाड्याच्या खोलीत खोली गरम ठेवणारा बिडाचा एक जुना रेडिएटर होता, त्यावर बनवणाऱ्याचं नाव ओतलेलं होतं. थॉर्नबी. त्यानं तेच नाव उचललं. थॉर्नबी, इलिनॉय. मास्तरांनी पत्र टाकलंच, तर ते टपालखात्यात कुठेतरी मरेल.

मग रात्रभर जागून त्यानं उत्तरं लिहिली. स्थापना १८५७. संस्थापक एक लोहार. मनोऱ्याला घड्याळ आहे पण घंटा नाही, कारण बांधकाम चालू असताना संस्थापकाची बायको आजारी होती आणि तिला आवाज सोसत नसे. पदवीधरांत एक पूल बांधणारा, एक न्यायाधीश, एक तारे मोजणारी बाई. लिहिताना त्याला अशी मजा आली की खऱ्या अभ्यासात कधी आली नव्हती. पत्र पेटीत टाकताना तो स्वतःशीच म्हणाला, "घ्या मास्तर, शंभरपैकी शंभर."

सुलभाशी लग्न झालं. पुढल्या वर्षी पद्मिनी झाली. ती लहान असताना झोपताना हट्ट करायची, "बाबा, बिनघंटेच्या टॉवरची गोष्ट सांग." तो सांगायचा. एव्हाना नाना वारले होते आणि थॉर्नबी त्याच्या तोंडात इतकी बसली होती की खोटं बोलतोय हे त्याला आठवावं लागे.

त्या शनिवारच्या जेवणानंतर पाच-सहा दिवसांनी टपालात एक जाड, हस्तिदंती रंगाचा लिफाफा आला. आत आठ पानी वार्तापत्र होतं. वर छापलं होतं, थॉर्नबी युनिव्हर्सिटी, माजी विद्यार्थ्यांसाठी.

चारुदत्तनं ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चाळलं आणि फोन उचलला.

"श्रीरंग, छपाई झकास झाली हं. बालवाडीवरून एवढं लागलं तुला?"

"कसली छपाई?"

"राहू दे यार. वाचून हसलो."

"चारू," श्रीरंग म्हणाला, "तू बरा आहेस ना?"

फोन ठेवून त्यानं तिसरं पान उघडलं. "नेहमी विचारले जाणारे प्रश्न" असं सदर होतं. स्थापना कोणी केली? एका लोहाराने. मनोऱ्याला घंटा का नाही? संस्थापकाच्या पत्नीला आवाज सोसत नसे. इथवर ठीक. गोष्ट त्यानं पन्नास ठिकाणी सांगितली होती. पण पुढे लिहिलं होतं की ती बाई खिडकीत बसून घड्याळाचे काटे बघायची आणि औषधाची वेळ झाली की नवऱ्याला हातरुमाल हलवून खूण करायची. हा हातरुमाल त्यानं फक्त एकदा लिहिला होता, मराठीत, १९६७ साली, नानांच्या पत्रात. पुढे तो स्वतःही ते विसरला होता. वाक्य इंग्रजीत होतं, पण चाल त्याची होती. आपलंच अक्षर दुसऱ्याच्या वहीत दिसावं तसं त्याला झालं.

शेवटच्या पानावर पदवीधरांच्या बातम्या होत्या. "चारुदत्त सबनीस, वर्ग १९६६, नेपरव्हिल. कन्या पद्मिनी यंदा अर्ज करीत आहे."

सुलभा डिशवॉशर लावत होती. त्यानं शक्य तितक्या सहज विचारलं, "नानांना लिहिलेली माझी पत्रं कुठे असतील गं?"

"वाईला, ट्रंकेत. का हो?"

"सहजच. नानांनी कोणाला दाखवली होती का?"

"दाखवतील कशाला? पडताळून मात्र घेतली होती." ती हसली. "तुम्हाला सांगितलंच नाही कधी, तुम्हाला राग आला असता. नानांनी थॉर्नबीला पत्र टाकलं होतं. मग महिन्याभरात उत्तर आलं, त्यानंतरच सुपारी फोडली. असा जाड कागद होता. सायीच्या रंगाचा."

चारुदत्तनं हातातलं वार्तापत्र उलटं करून टेबलावर ठेवलं. "काय लिहिलं होतं?"

"तुम्ही लिहिलंत तेच सगळं. शब्दन् शब्द. नाना म्हणाले, मुलगा प्रामाणिक आहे."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून त्यानं डिरेक्टरी एन्क्वायरीला फोन केला. थॉर्नबी नावाची युनिव्हर्सिटी नाही, कॉलेज नाही, गावही नाही. मग शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात फोन केला. तिथे एक बाई फोनवर लोकांच्या प्रश्नांची उत्तरं शोधून देत असे. तिनं वीस मिनिटं घेतली. तीन संदर्भग्रंथ पाहिले, म्हणाली, बंद पडलेल्या संस्थांची यादीही पाहिली. कुठेही नाही. "कोण विचारतंय, लिहून घेऊ का?"

"एक पदवीधर," चारुदत्तच्या तोंडून सवयीनं गेलं.

मग बाईनं फोन ठेवला.

तरी त्याला हायसं वाटलं. नाही म्हणजे नाही. तो इंजिनिअर होता. नसलेल्या गोष्टीला घाबरायला तो काही श्रीरंग नव्हता.

मार्चमध्ये, बर्फ काळं पडून वितळत असताना, पद्मिनी हातात तोच हस्तिदंती लिफाफा घेऊन धावत आली. "बाबा, आय गॉट इन! थॉर्नबी! तुला सरप्राइज द्यायचं होतं म्हणून बोलले नाही. मी ऑक्टोबरमध्येच अप्लाय केलं."

"फॉर्म कुठून आणलास?"

"मेलमध्ये आला. माझ्या नावानं." ती ओट्यावर चढून बसली. वर्गात पहिली-दुसरी येणारी मुलगी, पण बापाकडे बघताना अजून सहा वर्षांची दिसायची. "बाकीच्या कॉलेजांना पत्र लिहिलं की ब्रोशर पाठवतात. हे लोक उत्तर देतात, बाबा. मी जे विचारलं त्या प्रत्येकाचं. मी विचारलं, माझे बाबा तिथे कसे होते? त्यांनी लिहिलं, ही वॉज अ व्हेरी गुड रायटर."

चारुदत्तनं पत्र घेतलं. अभिनंदनाच्या खाली एक वाक्य होतं. थॉर्नबीच्या पदवीधराच्या पहिल्या अपत्याची जागा जन्मापासून राखलेली असते. आपल्या वडिलांना हा नियम ठाऊक आहेच.

आणि तेव्हा त्याला नानांचा सहावा प्रश्न आठवला. "पुढे मुलेबाळे झाल्यास त्यांनाही तेथे प्रवेश मिळेल काय?" रात्रीचे तीन वाजले होते, उत्तरं संपत आली होती, आणि त्यानं मोठ्या ऐटीत हे वाक्य लिहून टाकलं होतं.

लिफाफ्यात अजून एक छोटा कागद होता, त्याच्या नावानं. त्यावर एकच ओळ छापली होती. "मी थॉर्नबीचा पदवीधर नाही." खाली सहीची जागा. त्याखाली बारीक टायपात: सही पाल्यासमोर करावी. हा कागद दाखल होण्याच्या दिवसापर्यंत आणून दिल्यास जागा रद्द होईल.

"ते काय आहे?" पद्मिनीनं विचारलं.

"काही नाही. ऑफिसचं फॉर्मलिटीचं." त्यानं कागद घडी करून पाकिटात सरकवला.

सही करायला दोन सेकंद लागली असती. बापाला एक वाक्य पोरीच्या तोंडावर बोलायचं होतं, एवढंच. पण एकोणीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या पदव्या नखानं खरवडून बघितल्या, त्याच्याच्यानं ते होईना. सुलभाला काय सांगणार? श्रीरंगला कळलं तर? हा विचार मनात आला की मुलगी कुठे चाललीय हा प्रश्न मागे राहायचा.

म्हणून त्यानं हुशारी केली. राज्याच्या मोठ्या युनिव्हर्सिटीतही पद्मिनीला प्रवेश मिळाला होता. तिथलं होकाराचं कार्ड त्यानं तिच्या नकळत भरून पाठवलं. ऑगस्टमध्ये तिला थॉर्नबीच्या पत्त्यावर घेऊन जायचं. तिथे शेतं असणार. तिला उतरवून शेत दाखवायचं, "बंद पडली वाटतं बिचारी" म्हणून दोन उसासे टाकायचे आणि गाडी तशीच दक्षिणेला वळवून खऱ्या युनिव्हर्सिटीत नेऊन सोडायचं. कबुली नको, सही नको. वर पुढच्या शनिवारी सांगायला एक करुण गोष्ट! त्याला स्वतःचं कौतुक वाटलं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सकाळी तिघं निघाले. स्टेशन वॅगनच्या मागे दोन सुटकेसेस, उशी, टाइपरायटर, छोटा कुकर आणि सुलभानं भरून दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा. टोलवेनं पश्चिमेकडे तासभर, मग एक काउंटी रोड. पत्रात वळणं नीट दिली होती. पद्मिनी मांडीवर नकाशा घेऊन मोठ्यानं वाचत होती. "नऊ मैल सरळ, बाबा. मग डावीकडे."

दोन्ही बाजूंना मका उभा होता. ऑगस्टमधला मका पुरुषभर उंचीच्याही वर जातो. त्याची हिरवी, दमट वाफ खिडकीतून आत येत होती. सिकाडा किडे किरकिरत होते. एक घर नाही, धान्याचा एक सायलो नाही. चारुदत्त मनातल्या मनात शीळ घालत होता.

"तो बघ!" पद्मिनी पुढच्या सीटवर दोन्ही हात टेकून ओरडली. "टॉवर!"

चारुदत्तनं समोर पाहिलं. रस्ता, मका, आकाश.

"अगंबाई," सुलभा म्हणाली. "अगदी नानांनी सांगितला होता तसाच. आणि खरंच हो, घंटा नाही."

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिची नजर वर लागलेली होती. मान जितकी उंच करावी लागली असती, तितकी तिनं केली होती.

"डावीकडे पार्किंग आहे, बाबा. डावीकडे! गवतावर नको."

त्यानं गाडी डावीकडच्या खडीवर घेतली आणि थांबवली. समोर मक्याची भिंत होती.

पद्मिनी उतरली. तिनं केस सारखे केले, हसली आणि उजवा हात पुढे केला. हात हवेत थोडा खाली-वर झाला. "येस, सबनीस. पद्मिनी. धिस इज माय मॉम." सुलभानं हात जोडले. "अँड धिस इज माय डॅड. क्लास ऑफ सिक्स्टी-सिक्स."

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. त्या वाट बघत होत्या.

चारुदत्तनं हात पुढे केला.

तळव्याला ऊन लागलं. दुसरं काही नाही. तो हात तसाच धरून उभा राहिला.

"बाबा," पद्मिनी हसू दाबत म्हणाली, "सोड ना आता. किती वेळ?"

त्यानं हात मागे घेतला.

पद्मिनी मान कलती करून काहीतरी ऐकत होती. मग वळून म्हणाली, "ते विचारतायत, तू काही पेपर आणलायस का? साइन करायचा?"

पाकीट खिशात होतं. मांडीला त्याचा कोपरा टोचत होता. पद्मिनी समोर होती, दोन हातांवर. एवढंच म्हणायचं होतं. पमा, मी कधी इथे नव्हतो.

सुलभा त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर, लग्नाच्या वेळी होता तसा, नवऱ्याचा अभिमान होता.

"पेपर?" चारुदत्त म्हणाला. "नाही बुवा. कसला पेपर?"

सिकाडा एकदम थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

"तुम्ही येत नाही का आत?" सुलभानं उशी काखोटीला मारली. "इतक्या वर्षांनी आलात."

"गाडीपाशी कोणीतरी हवं. तुम्ही व्हा पुढे."

पद्मिनीनं एक सुटकेस उचलली. दुसरी सुटकेस जमिनीपासून आपोआप वीतभर उठली आणि तिच्या शेजारून चालू लागली. टाइपरायटर मागून गेला. दोघी बोलत बोलत मक्याच्या भिंतीत शिरल्या.

एकही पान हललं नाही.

तो थांबला. पाच मिनिटं. दहा.

मग तो धावला. पानं करवतीसारखी हातांना लागली. एक ओळ, दुसरी, दहावी. आत श्वास घ्यायला हवा नव्हती. "पमा! पमा गं!" सगळीकडे सारखीच हिरवी ताटं. "पमा, मी नाही! मी कुठलाच नाही!" तो ओरडला. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून ओरडला. आवाज पानांत विरला.

कसाबसा तो रस्त्यावर परत आला. थोड्या वेळानं सुलभा मक्यातून बाहेर आली. साडीला एक धूळकण नव्हता. डोळे पुसलेले.

"खोली छान आहे. पूर्वेची खिडकी आहे. खोलीतली मुलगी पण गोड आहे." मग तिची नजर त्याच्या ओरखडलेल्या हातांवर गेली, आणि तिचा आवाज उतरला. "अहो, लायब्ररीत काय ओरडत होतात? सगळी मुलं माना वर करून बघत होती. पमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"काय... काय ऐकलं तिनं?"

"शब्द कुठे कळत होते? नुसता आवाज घुमत होता. ती म्हणाली, बाबाला रडू येतंय, तू जा, त्याला घरी ने."

परतीच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबले तेव्हा पंपावरचा म्हातारा गाडीची मागची काच पुसता पुसता म्हणाला, "थॉर्नबी? चांगली शाळा." चारुदत्त उतरून मागे गेला. काच कोरी होती, स्टिकर वगैरे काही नव्हतं. त्यानं बोट फिरवून पाहिलं.

नोव्हेंबरात पुन्हा शनिवार आला. या वेळी श्रीरंगकडे. पद्मिनी कुठे असते हे कोणाला विचारावं लागलं नाही. "थॉर्नबी म्हणजे टॉपच," रेखा म्हणाली, "आमच्या ऑफिसात दोघं तिथलेच आहेत." श्रीरंगनं चारुदत्तला बाजूला घेतलं. "धाकटी पुढच्या वर्षी अप्लाय करतेय. माजी विद्यार्थ्याचं शिफारसपत्र असलं तर बघतात म्हणे. देशील ना यार?"

चारुदत्तनं त्याच्याकडे पाहिलं. नेहमीचं काहीतरी लागट बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. सगळे कौतुकानं त्याच्याकडे बघत होते, ती आदराची शांतता पसरली होती. त्यानं पेन मागितलं आणि सही केली.

थँक्सगिव्हिंगला पद्मिनी मैत्रिणीकडे राहिली, असं सुलभा म्हणाली. नाताळात परीक्षेचा अभ्यास होता. फोन मात्र दर रविवारी अकराला यायचा. त्याची घंटी चारुदत्तला ऐकू येत नसे. सुलभा हातातलं काम टाकून उठायची, एवढंच दिसायचं. ती अर्धा अर्धा तास बोलायची, हसायची, मध्येच "नीट जेव गं" म्हणायची. तो त्या वेळी मुद्दाम गॅरेजमध्ये जाऊन बसे.

जानेवारीतल्या एका रविवारी बर्फामुळे गॅरेजचं दार गोठलं होतं.

"हो, इथेच आहेत बाबा. देते हं," सुलभानं फोन त्याच्यापुढे धरला. "बोला. ती किती दिवस विचारतेय."

त्यानं रिसीव्हर कानाला लावला. डायल टोन होता.

सुलभा तिथेच उभी राहिली, हात पुसत, हसऱ्या चेहऱ्यानं.

"काय म्हणतेस पमा," चारुदत्त म्हणाला. "हो. हो, बर्फ आहे इथेही. छान. अभ्यास कर."

त्याला ठाऊक होतं, डायल टोन फार वेळ टिकत नाही. अर्ध्या मिनिटात तुटतो, टेप केलेला बाईचा आवाज येतो, फोन ठेवायला सांगतो. तो आवाजाची वाट बघत राहिला. एक मिनिट झालं. दोन. कोणी आलं नाही. तो सूर एका पट्टीत, घाई न करता चालू राहिला, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबलेल्या माणसासारखा.

"काय विचारतेय?" सुलभानं हळूच विचारलं.

"नेहमीचंच," तो म्हणाला, आणि उत्तर द्यायला लागला.